दर्जा कमी पडला म्हणता, तर मोजमाप दाखवा

प्रति,
अध्यक्ष मॉरी मॅकइनिस आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,
येल विद्यापीठ, न्यू हेवन, कनेक्टिकट

विषय: ज्यूद्वेषाच्या अभ्यासाचं केंद्र 2011 साली बंद करताना झालेल्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध करण्याबाबत

महोदया, महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठाने जून 2011 मध्ये एक अभ्यासकेंद्र बंद केलं. वेगवेगळ्या विद्याशाखांना एकत्र आणून ज्यूद्वेषाचा अभ्यास करायचा म्हणून ते 2006 साली सुरू झालं होतं. 'यीसा' या आद्याक्षरांच्या नावाने ते ओळखलं जायचं. उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांत या विषयाला वाहिलेलं हे पहिलंच केंद्र, असं तेव्हा सांगितलं जाई. पाच वर्षांत ते उभं राहिलं, गाजलं, वादात सापडलं आणि गेलं. ते गेलं तेव्हा एक निवेदन निघालं. संशोधन आणि अध्यापन या दोन्ही बाबतींत केंद्र अपेक्षित दर्जाला उतरलं नाही, प्राध्यापकांच्या समितीने रीतसर तपासणी करून हे ठरवलं, असा त्याचा मथितार्थ. लोकांच्या हाती पडलं ते हे निवेदन. अहवाल आपल्या कपाटात राहिला.

तो अहवाल प्रसिद्ध करा, अशी माझी मागणी आहे.

शिळ्या कढीला ऊत कशाला, असं आपल्याला वाटेल. पण ही कढी शिळी राहिलेली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत काय काय झालं ते आम्ही इथे बसून रोज वाचत होतो. मार्च 2025 मध्ये वॉशिंग्टनने ज्यूद्वेषाला आळा घातला नाही हे कारण देऊन कोलंबिया विद्यापीठाचं 40 कोटी डॉलरचं अनुदान रद्द केलं. जुलैमध्ये कोलंबियाने 22 कोटी डॉलरहून थोडी जास्त रक्कम भरायचं कबूल करून तडजोड केली. त्याच मार्चमध्ये हार्वर्डच्या मध्यपूर्व अभ्यास केंद्राच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे एकदा ज्यूद्वेषाचा अभ्यास करणारं केंद्र गेलं आणि एकदा मध्यपूर्वेचा अभ्यास करणाऱ्या केंद्राची मान धरली गेली. दर्जा, समतोल, सुरक्षितता असे शब्द दर वेळी समोर येतात. त्यामागचे कागद येत नाहीत. एखादं अभ्यासकेंद्र वाईट आहे हे कोणी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर, या प्रश्नातून आपलं विद्यापीठ बाकीच्यांच्या आधी गेलं आहे. त्यामुळे सर्वांच्या उपयोगाचा कागद आपल्याकडे आहे.

मी ठाण्यात राहते. इतिहास शिकवून निवृत्त झाले. हे पत्र मराठीत आहे, कारण खुलं पत्र वरच्या पत्त्यावरची मंडळी वाचतात त्याहून जास्त आजूबाजूचे वाचतात आणि माझे आजूबाजूचे मराठी आहेत. त्यांनाही हा विषय दुरून माहीत असावा असं मला वाटतं. शिवाय विद्यापीठीय केंद्रांची तपासणी कशी होते, हे मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूने पाहिलं आहे.

आमच्याकडे अशा केंद्राला बहुतेक वेळा अध्यासन म्हणतात. कुणा थोर व्यक्तीच्या जन्मशताब्दीला घोषणा होते, अनुदानाचा पहिला हप्ता येतो, दारावर पाटी लागते. प्राध्यापकाचं पद मात्र मंजूर होत नाही. कुठल्या तरी विभागातल्या कुणाकडे 'अतिरिक्त कार्यभार' दिला जातो. जयंतीला हार, पुण्यतिथीला व्याख्यान, मार्चअखेर खर्चाची घाई. मग काही वर्षांनी आमच्यासारखी समिती येते. अशा एका ठिकाणी आम्ही गेलो, तर छापील तक्त्यात 'प्रकाशने' आणि 'अध्यापन तासिका' या दोन्ही रकान्यांत आडवी रेघ मारलेली. समन्वयक म्हणाले, "मॅडम, तासिका कुठून दाखवू? माझं पदच दुसऱ्या विभागात आहे." आम्ही शेरा लिहिला, कार्य समाधानकारक नाही. सह्या झाल्या, चहा झाला. शेरा खोटा नव्हता. पण ज्यांनी पद दिलं नाही त्यांच्या कामावर शेरा लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता.

यीसाची हकीगत वाचताना मला तो तक्ता आठवत राहिला. चार्ल्स अ‍ॅशर स्मॉल हे मूळचे माँट्रियलचे, ऑक्सफर्डमध्ये डॉक्टरेट केलेले समाजशास्त्रज्ञ. जागतिक ज्यूद्वेष आणि धोरण यांचा अभ्यास करणारी एक संस्था त्यांनी 2004 साली काढली होती. ती घेऊन ते येलला आले आणि आपल्या सामाजिक व धोरण अभ्यास संस्थेच्या छत्राखाली हे केंद्र उघडलं. पैसा बाहेरच्या देणगीदारांचा होता. स्मॉल यांना येलमध्ये कायमचं प्राध्यापकपद नव्हतं. केंद्राचं बिऱ्हाड विद्यापीठात, पण संसार भाड्याच्या जागेतला. आपलं नाव आणि पत्ता त्यांना वापरायला मिळाला, बाकीची सोय त्यांची त्यांनी बघायची होती.

पाच वर्षांनी आपण त्यांना विचारलंत की अभ्यासक्रमांत भर किती घातली आणि नामांकित नियतकालिकांत लेख किती छापले. ज्या केंद्राला स्वतःची अध्यापनाची पदं नाहीत ते अभ्यासक्रम कुठून देणार? लेखांचं म्हणाल, तर ज्यूद्वेषाच्या आजच्या रूपांवर काम करणारा माणूस फारशी, अरबी वर्तमानपत्रं चाळतो, दूरचित्रवाणीवरची भाषणं उतरवून काढतो, पाठ्यपुस्तकं तपासतो. त्यातून जे लिहून होतं ते राज्यशास्त्राच्या पहिल्या फळीतल्या नियतकालिकांच्या साच्यात सहसा बसत नाही. हे मोजमाप या कामाला लागू पडतं का, याचा विचार समितीने केला होता का? अहवालात असेल तर दाखवा. मी ते मोकळ्या मनाने वाचेन.

आणि केंद्राच्या लोकांनी काहीच छापलं नाही, असंही नाही. 2006 सालीच स्मॉल आणि आपल्याच व्यवस्थापन विद्यालयातले प्राध्यापक एडवर्ड कॅप्लन यांचा एक शोधनिबंध 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन'मध्ये आला. युरोपातल्या दहा देशांत प्रत्येकी 500 जणांची मतचाचणी झाली होती, तिच्यातली माहिती त्यांनी घेतली. इस्रायलवर टीका करणारा माणूस ज्यूंविषयीही पूर्वग्रह बाळगतो का, हा प्रश्न सगळेच आवाज चढवून विचारतात. या दोघांनी तो संख्याशास्त्राने विचारला. वय, शिक्षण, उत्पन्न, धर्म यांचा परिणाम वजा करून पाहिलं, तरी इस्रायलविरोधाची धार जितकी तीव्र तितकी ज्यूंविषयीच्या पूर्वग्रहाची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. या निष्कर्षावर वाद घालता येतो. चाचणीतले प्रश्न कसे बेतले होते, 'तीव्र' कशाला म्हणायचं, कार्यकारण की नुसता सहसंबंध, असं बरंच विचारता येतं. पण वाद घालण्याजोगं काहीतरी नीट मांडलेलं त्यात आहे. दर्जा म्हणजे आणखी काय असतं?

आता दुसरी बाजू. ती मी झाकून ठेवणार नाही, कारण ती मला पटते.

ऑगस्ट 2010 मध्ये यीसाने न्यू हेवनला तीन दिवसांची मोठी परिषद भरवली. जागतिक ज्यूद्वेष हे आधुनिकतेचं संकट आहे, असा तिचा विषय होता आणि वक्ते शंभरावर होते. त्यांत पुराभिलेखांत हयात घालवलेले इतिहासकार होते, तसे चळवळीतले लोकही होते. पॅलेस्टिनी माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या पॅलेस्टिनी मीडिया वॉच या इस्रायली संस्थेचे इतामार मार्कस यांच्या भाषणाचं शीर्षकच असं होतं की पॅलेस्टिनी अस्मिता घडवण्यात ज्यूद्वेषाची भूमिका मध्यवर्ती आहे. एका अख्ख्या जनसमूहाच्या अस्मितेचं मूळ द्वेषात आहे, हे विधान वीस मिनिटांच्या भाषणात सिद्ध होत नाही. तशी पुस्तकं आमच्याकडेही एकमेकांविरुद्ध ढिगाने लिहिली जातात आणि ती वाचून शहाणा झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे वॉशिंग्टनमधले प्रतिनिधी मान अरेकात यांनी तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन यांना निषेधाचं पत्र पाठवलं. हे होणारच होतं.

डेबोरा लिपस्टाट यांचं मत मला सगळ्यात वजनदार वाटतं. हॉलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, झालाच नाही म्हणणाऱ्या डेव्हिड अर्विंगने लंडनच्या न्यायालयात खेचल्यावर 2000 साली तो खटला जिंकलेल्या या इतिहासकार. ज्यूद्वेषाबाबत त्या हळव्या नाहीत, असं कुणी म्हणू शकणार नाही. केंद्र बंद झाल्यावर त्यांनी लिहिलं की यीसात चांगलं संशोधन झालं, पण काही कार्यक्रमांत अभ्यासाची हद्द ओलांडून प्रचाराच्या हद्दीत पाऊल पडलं होतं. येलने ज्यूद्वेषापोटी हे केलं, हा आरडाओरडाही त्यांना मान्य नव्हता.

आरडाओरडा मात्र मोठा झाला. ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगचे अब्राहम फॉक्समन यांनी हा ज्यूंच्या विरोधकांचा विजय वाटेल असं म्हटलं. वॉशिंग्टन हॉलोकॉस्ट संग्रहालयाचे माजी संचालक वॉल्टर राइश यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये केंद्र वाचवा म्हणून लिहिलं. एका माजी विद्यार्थ्याने तर ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखून धरणाऱ्या येलच्या जुन्या कोट्याची आठवण काढली. इराण आणि इस्लामवादी चळवळींतल्या ज्यूद्वेषाचं नाव घेतलं म्हणूनच केंद्राचा बळी गेला, असा समर्थकांचा सूर होता. दोन वर्षांपूर्वी, 2009 मध्ये, आपल्या मुद्रणालयाने प्रेषित मुहम्मदांच्या डॅनिश व्यंगचित्रांच्या वादावरचं पुस्तक काढलं आणि त्यातून तीच व्यंगचित्रं वगळली, त्यामुळे या संशयाला खतपाणी मिळालं. संशय खरा होता असं मी म्हणत नाही. संशयाला उत्तर देणारा कागद तुमच्याकडे होता आणि तुम्ही तो काढला नाहीत, एवढंच म्हणते.

त्या वेळी आपल्या बाजूने डोनाल्ड ग्रीन बोलले. यीसा ज्या संस्थेच्या छत्राखाली होतं तिचे ते संचालक. त्यांनी सांगितलं की दर्जात न बसणारे उपक्रम बंद करणं ही संस्थेची नेहमीचीच रीत आहे आणि ना-नफा संस्थांचा अभ्यास करणाऱ्या एका जुन्या उपक्रमाचं उदाहरण दिलं. हे खरं तर चांगलं उत्तर आहे. पण ते अर्ध्यावर सोडलं गेलं. त्या उपक्रमाला कोणती मोजपट्टी लावली, यीसाला कोणती, दोन्ही एकच होत्या का, हे शेजारी शेजारी मांडलं असतं तर अर्धा आरडाओरडा तिथेच थांबला असता. उरलेला अर्धा थांबला नसता, ते मान्य आहे.

आणि मग आपण काय केलंत? त्याच जून महिन्यात नवा उपक्रम जाहीर केलात. ज्यूद्वेषाच्या अभ्यासाचाच. प्रमुख म्हणून फ्रेंच विभागातले प्राध्यापक मॉरिस सॅम्युएल्स, फ्रान्समधल्या ज्यूंच्या इतिहासाचे आणि साहित्याचे जाणकार. निवड उत्तम होती. कायमचा प्राध्यापक, आपला विभाग, आपले विद्यार्थी, शेजारी फॉर्च्युनॉफ संग्रहात हॉलोकॉस्टमधून वाचलेल्यांच्या आणि साक्षीदारांच्या 4,400 हून अधिक चित्रित साक्षी. पहिल्या केंद्राला जे नव्हतं ते सगळं दुसऱ्याला जन्मतःच मिळालं. म्हणजे चूक कुठे झाली होती हे आपल्याला कळलं होतं आणि ती 2011 च्या समितीने शोधलेली नसून 2006 च्या उद्घाटनातली होती. दुरुस्ती केलीत, पण तोंडातून शब्द न काढता. त्यामुळे दोन्हीकडच्यांना हवं ते मानायला मोकळीक मिळाली. एका गटाला वाटलं, पॅलेस्टिनींच्या पत्राने केंद्र बंद झालं. दुसऱ्याला वाटलं, ज्यू संघटनांच्या दबावाने पंधरवड्यात नवं उघडलं.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातलं ज्यूद्वेष-संशोधन केंद्र 1982 चं आहे. त्याच्यावरही असंच वादळ आलं होतं, पण उलट्या दिशेने. डिसेंबर 2008 मध्ये तिथे मुस्लिमांची शत्रुप्रतिमा आणि ज्यूंची शत्रुप्रतिमा यांची तुलना करणारी परिषद झाली. तेव्हाचे संचालक वोल्फगांग बेन्झ यांच्यावर टीकेची झोड उठली. ज्यूद्वेष हा दुसऱ्या कुठल्याही पूर्वग्रहासारखा असतो असं सुचवून तुम्ही त्याचं गांभीर्य घालवता, असा आरोप होता. केंद्र टिकलं. बेन्झ 2011 मध्ये निवृत्त झाले, त्यांच्या जागी श्टेफानी श्यूलर-श्प्रिंगोरुम आल्या, काम चालू आहे. तिथे पद विद्यापीठाचं आहे, ग्रंथालय आहे, 1992 पासून निघणारं वार्षिक आहे. परिषदेतल्या चार भाषणांवरून वाद झाला तर तो त्या वार्षिकाच्या पानांत पुढची वर्षं चालवता येतो. यीसावर वाद झाला तेव्हा तो चालवायला वर्तमानपत्रांखेरीज जागाच नव्हती.

लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातलं उदाहरण तर देणगीदारांना भिणाऱ्या प्रत्येक कुलगुरूने वाचावं. तिथलं केंद्र 2010 मध्ये एका प्रतिष्ठानाच्या देणगीतून आणि त्याच्याच नावाने सुरू झालं. संचालक डेव्हिड फेल्डमन यांनी हॉलोकॉस्टच्या स्मरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या ज्यूद्वेषाच्या बहुचर्चित व्याख्येवर उघडपणे टीका केली. 2021 मध्ये प्रतिष्ठानाने आपलं नाव काढून घेतलं. पाटी बदलली, केंद्र राहिलं.

यीसाच्या बाबतीत घडलं ते असं की स्मॉल आपली संस्था घेऊन बाहेर पडले. गेल्या काही वर्षांत ती संस्था कतारकडून अमेरिकी विद्यापीठांना मिळणाऱ्या पैशांचे अहवाल काढत असते. ते अहवाल संसदेत आणि वर्तमानपत्रांत वाजतात. विद्यापीठाच्या आत असती तर तिला सहकाऱ्यांच्या शंकांना उत्तरं द्यावी लागली असती. बाहेर काढल्याने तिची अभ्यासाची बाजू लंगडी झाली आणि आवाज मात्र वाढला. आपल्याला हे अपेक्षित होतं का?

ठाण्यातल्या बाईला याचं काय पडलंय, हेही सांगते. आमच्याकडे ज्यूद्वेष नाही, असं आम्ही अभिमानाने सांगतो आणि ते बहुतांशी खरं आहे. बेने इस्राएल कोकणात शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. ते मराठी बोलले, मराठीत कीर्तनं केली. ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं आहे. आता मंडळी थोडी उरली, बरीचशी इस्रायलला गेली आणि तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढू लागली.

पण 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा दहा जणांच्या त्या टोळीतले दोघे कुलाब्याच्या गल्लीत नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र शोधत गेले. ताज, ओबेरॉय, सीएसटी कुणालाही सापडेल. नरिमन हाऊस कुठे आहे हे मुंबईकरांनाही ठाऊक नव्हतं. तिथे रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. लहानग्या मोशेला त्याच्या दाईने, सँड्रा सॅम्युएलने, उचलून बाहेर काढलं. हा द्वेष इथला नव्हता, बाहेरून आखून पाठवलेला होता. तो कुठे शिकवला जातो, कोणत्या भाषेत, कोणत्या पुस्तकांतून, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा इतिहास वाचून सुटत नाही. यीसा नेमकी त्याच प्रश्नात शिरू पाहत होती. केंद्र कसं चाललं याविषयी माझ्या शंका असल्या, तरी विषय चुकीचा निवडला होता असं मला कुणी सांगू नये.

याहून वेगळी एक गोष्टही इथे दिसते. यीसा सुरू झालं त्याच 2006 साली खारघरला हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं. इथल्या ज्यू मंडळींनी आक्षेप घेतला, मग नाव बदललं. मालकाला ज्यूंविषयी राग असेल असं मला वाटत नाही, बहुधा त्याच्या डोक्यातही हा विचार आला नसेल. हिटलरचं आत्मचरित्र पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी विकलं जातं. कडक मुख्याध्यापकाला पोरं 'हिटलर' म्हणतात, त्यात निम्मं कौतुकच असतं. ज्या समाजाने ज्यूंना कधी छळलं नाही तो त्यांच्या मारेकऱ्याचं पुस्तक इतक्या निर्धास्तपणे कसा विकत घेतो? द्वेष नसताना येणारी ही बेफिकिरी बर्लिनच्या चौकटीत बसत नाही आणि न्यू हेवनच्याही. आमच्या विद्यापीठांत यावर अध्यासन निघेल अशी आशा नाही. निघालं तरी त्याचा तक्ता कसा भरला जाईल ते वर सांगितलंच.

येल आणि हिंदुस्थान यांचा संबंध तसा जुना. ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ ओळखलं जातं ते एलिहू येल मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर होते. तिथेच त्यांनी पैसा केला, हिऱ्यांच्या व्यापारातही. मद्रासला तेव्हा ज्यू हिरेव्यापारी होते आणि त्यांच्यातल्या एकाची विधवा, हिरोनिमा द पाइव्हा, येलसाहेबांच्या घरात राहायची. कंपनीने 1692 मध्ये गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्यांना पदावरून काढलं. 1718 मध्ये त्यांनी मालाच्या नऊ गाठी, 417 पुस्तकं आणि राजा पहिला जॉर्ज याचं एक चित्र धाडून दिलं. माल विकून 562 पौंड आले आणि कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. देणगी घेऊन पाटी लावायची परंपरा आपल्याकडे आमच्यापेक्षा जुनी आहे, तेव्हा त्याबद्दल आपल्याला बोल लावायचा माझा विचार नाही.

आपल्या मोहोरेवर हिब्रू अक्षरं आहेत, 'ऊरीम वे तुम्मीम'. अठराव्या शतकात अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स विद्यार्थ्यांना हिब्रू शिकायला लावत. आणि तरीही 1920 च्या दशकापासून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास रोखून धरलं गेलं. येल कॉलेजात पूर्ण प्राध्यापकाच्या श्रेणीला पोचलेला पहिला ज्यू, तत्त्वज्ञ पॉल वाइस, 1946 मध्ये झाला. प्रवेश नाकारताना 'ज्यू आहात म्हणून' असं कुणी पत्रात लिहीत नसे. चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, सर्वांगीण गुण असे गोंडस शब्द असायचे. हा सगळा इतिहास आपल्याच मुद्रणालयाने 1985 मध्ये पुस्तकरूपाने छापला. त्यासाठी आपल्याच दप्तरातले कागद उघडले गेले.

2011 चा निर्णय म्हणजे जुना कोटा नव्हे. तसं म्हणणाऱ्यांनी कोट्याखाली भरडलेल्यांची थट्टा केली, असं माझं मत आहे. पण ज्या संस्थेत भारदस्त शब्दांच्या आड अन्याय झाल्याचा इतका मोठा पुरावा आहे, तिने पुन्हा 'दर्जा' हा एक शब्द उच्चारून कपाट बंद करावं, हे शोभत नाही. चाळीस वर्षांच्या कोट्याचे कागद उघडायची हिंमत दाखवलीत. पाच वर्षांच्या केंद्राचा अहवाल त्यापुढे किरकोळ आहे.

अहवालात व्यक्तींवर शेरे असतील, ते झाका. पगार, देणगीदारांची खाजगी माहिती झाका. मोजमाप काय होतं, ते केंद्राला आधी कळवलं होतं का, केंद्राचं म्हणणं ऐकून घेतलं का, ऑगस्टच्या परिषदेचा उल्लेख त्यात आहे की नाही, एवढं वाचता आलं पाहिजे. परिषदेचा उल्लेख असेल तर तसं स्पष्ट सांगा. प्रचाराला आमच्या छताखाली जागा नाही म्हणून केंद्र बंद केलं, हे कारण 'लेख कमी पडले' यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे आणि लिपस्टाटबाईंसारख्या लोकांनी ते तेव्हाही मान्य केलं असतं.

दुसरं, यापुढे बाहेरच्या पैशावर कुठलंही केंद्र उघडताना, मग ते ज्यूद्वेषाचं असो, इस्लामद्वेषाचं असो की पॅलेस्टाइनचं, निदान एक कायमचं पद विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून द्यावं आणि तपासणीची मोजपट्टी पहिल्याच दिवशी लिहून जाहीर करावी. पद द्यायची तयारी नसेल तर केंद्र उघडू नये. देणगीदार रागावतील, दुसरं विद्यापीठ गाठतील. गाठू द्या.

यासाठी ज्यांची संमती लागेल ती मंडळी अजून हाताशी आहेत. ग्रीन कोलंबियात शिकवतात, स्मॉल आपली संस्था चालवतात, सॅम्युएल्स आपल्याच आवारात आहेत. एकेक पत्र पाठवायला फार तर एक दुपार जाईल. आणखी पंधरा वर्षांनी ज्यांना विचारायचं त्यांतले बरेच जण नसतील आणि मग तो अहवाल उघडला काय, न उघडला काय, खुलासा करायला कुणी उरणार नाही.

कळावे,
आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका, ठाणे